बीड जिल्ह्यातल्या माणसाने ४०० वर्षांपूर्वी ४० फुटी कापडावर आख्खा ग्रंथ लिहून काढला होता

बीड जिल्ह्यात कुठल्याही गावात जा, चौकात मान वर केली की फ्लेक्स दिसणारच. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, कारण काहीही असो. फोटो बदलतात, नावं बदलतात, अक्षर मात्र एकाच चालीचं असतं. जाड, गोलसर, टोकं घासून गुळगुळीत केल्यासारखं. गाडीवरून जाताना दोन सेकंदांत वाचता आलं पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

मोठ्या कापडावर लिहायचं आणि ते चार लोकांना एकदम दिसलं पाहिजे, ही कल्पना आपल्याला फ्लेक्सच्या मशीनसोबत आल्यासारखी वाटते. पण याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत, साधारण ४०० वर्षांपूर्वी एका माणसाने ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड घेतलं आणि त्यावर बोरूने ओव्या लिहायला सुरुवात केली. त्या कापडाला नाव पडलं पासोडी. आणि लिहिणाऱ्याचं नाव, दासोपंत.

मराठीत सगळ्यात जास्त लिहिणारा माणूस कोण, असा प्रश्न आला की दासोपंतांचं नाव घ्यावंच लागतं. पण सगळ्यात कमी वाचले गेलेले मोठे कवी कोण, या प्रश्नातही त्यांचंच नाव येतं. हे असं का झालं, त्याचीच ही गोष्ट.

साडीच्या गावातला मुलगा

नारायणपेठ हे नाव घराघरातल्या बायकांना माहिती असतं ते साडीमुळे. हे गाव आज तेलंगणात आहे आणि २०१९ पासून जिल्ह्याचं ठिकाण आहे. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा जिथे एकमेकींच्या अंगणात येतात, असा हा मुलूख. सोळाव्या शतकात तो बिदरच्या बरीदशाहीत होता.

इथेच १५५१ साली, म्हणजे शके १४७३ मध्ये, दासोपंतांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. घराणं देशपांड्यांचं. आज देशपांडे म्हणजे फक्त आडनाव, तेव्हा ती नोकरीही होती आणि जोखीमही. परगण्याचा हिशोब ठेवायचा, महसूल गोळा झाला की नाही हे पाहायचं आणि तो सरकारात पोचता करायचा. पीक चांगलं आलं तर मान, पीक बुडालं तर मान अडकलेली.

म्हणजे कागद, शाई, बोरू, आकडेमोड हे सगळं दासोपंतांच्या घरात जन्मापासून होतं. त्या काळात सामान्य माणसाच्या घरात कागदाचा तुकडा सापडणं अवघड, पण देशपांड्याच्या घरात दफ्तर असायचंच. पुढे हा मुलगा आयुष्यभर लिहीत राहिला, त्याची पहिली ओळख शाईच्या वासाशी झाली ती इथेच.

महसूल थकला आणि मुलगा ओलीस राहिला

तर झालं असं की, एका वर्षी परगण्याचा महसूल सरकारात भरला गेला नाही. बिदरच्या गादीवर तेव्हा अली बरीदशाह होता. दिगंबरपंतांना बोलावणं गेलं. सोबत त्यांचा किशोरवयातला मुलगाही होता. संप्रदायाची परंपरा सांगते की बादशाहाने मुलाला ठेवून घेतलं आणि बापाला मुदत देऊन परत पाठवलं. मुदतीत पैसे आले तर मुलगा परत, नाही आले तर त्याचा धर्म बदलायचा.

आता महसुलापोटी घरचं माणूस ओलीस ठेवणं ही त्या काळात कुण्या एका दरबाराची खासियत नव्हती. वतनदाराकडून वसुली करायची म्हटलं की त्याचं सगळ्यात नाजूक ठिकाण धरायचं, ही पद्धत अनेक राजवटींत होती. पण पद्धत जुनी असली म्हणून कैदेत बसलेल्या पोराचं ओझं हलकं होत नाही. बाप गावी पैशांची जुळवाजुळव करतोय आणि पोरगा परक्या शहरात दिवस मोजतोय, असा तो महिना होता.

या दिवसांची एक आठवण परंपरेने जपली आहे. दासोपंतांना खर्चासाठी रोज एक होन मिळायचा आणि तो होन ते रोज दान करून टाकायचे. उद्याचं काय होणार हे माहिती नसलेला मुलगा आजचा पैसा ठेवत नव्हता.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. आणि पुढची गोष्ट दत्तसंप्रदायात आजही भक्तिभावाने सांगितली जाते. दत्ताजी पाडेवार नावाचा एक गावकामगार दरबारात आला, त्याने सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. मुलगा सुटला. घरी आल्यावर कळलं की वडिलांनी असा कुणी माणूस पाठवलाच नव्हता. मग तो कोण? भक्तांचं उत्तर एकच, प्रत्यक्ष दत्तात्रेय.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट ज्यांना माहिती आहे, त्यांना इथे ओळखीचं काहीतरी सापडेल. तिथेही बिदरच, तिथेही थकलेली रक्कम आणि तिथेही विठू महाराच्या रूपात आलेला देव. सरकारी देणं आणि ते फेडायला गावच्या कष्टकऱ्याच्या वेषात येणारा देव, ही मराठी मुलखाची फार जुनी आस आहे. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण एवढं खरं की बिदरहून परत आलेला दासोपंत हा आधीचा दासोपंत राहिला नव्हता.

घर सोडलं, माहूर गाठलं

ज्याने आपल्याला सोडवलं त्याला शोधायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं. लग्न झालेलं होतं, घर खातंपितं होतं, वतन समोर होतं. तरी एक दिवस तो कुणाला न सांगता घराबाहेर पडला.

वाट होती माहूरची. आज नांदेड जिल्ह्यात असलेलं माहूर म्हणजे रेणुकामातेचं ठाणं आणि दत्तात्रेयाचंही मोठं स्थान. इथे दासोपंतांनी बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते. बारा हा आपल्याकडचा तपाचा ठरलेला आकडा आहे, त्यामुळे तो कॅलेंडर घेऊन तपासण्यात अर्थ नाही. पण बराच मोठा काळ त्यांनी डोंगरात घालवला, हे खरं.

मागे नारायणपेठेत काय चाललं असेल? बादशाहाच्या तावडीतून मुलगा परत आला म्हणून घर आनंदात होतं, आणि तोच मुलगा आपल्या पायाने निघून गेला. आई-वडिलांना आणि पत्नीला दोनदा तोच धक्का बसला. संतचरित्रात ही बाजू एक-दोन ओळींत उरकली जाते. पण दासोपंतांच्या बाबतीत दिलासा असा की ते कायमचे बैरागी झाले नाहीत. पुढे कुटुंबाशी त्यांची भेट झाली, घरची माणसं त्यांच्यासोबत राहायला आली आणि त्यांचं घराणं अंबाजोगाईतच रुजलं.

राक्षसभुवन ते अंबाजोगाई

माहूरहून दासोपंत गोदावरीकाठी राक्षसभुवनला आले. इतिहासप्रेमींना हे गाव १७६३ च्या लढाईमुळे माहिती असतं, माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवलं ते हेच राक्षसभुवन. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. पण त्या लढाईच्या दोनेकशे वर्षं आधी या गावाच्या वाळवंटात दासोपंत साधनेला बसले होते. इथेच त्यांना दत्तात्रेयाच्या पादुका मिळाल्या, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

तिथून ते आले अंबाजोगाईला, आणि पुढे आयुष्यभर तिथलेच झाले.

अंबाजोगाईच का? योगेश्वरी देवीचं हे जुनं तीर्थक्षेत्र. जयंती नदीच्या काठचं गाव. आणि मराठी कवितेच्या दृष्टीने तर याचं महत्त्व फारच मोठं. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान सांगितला जातो त्या विवेकसिंधूचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी इथेच आहे. म्हणजे मराठी लिहिण्याचा पहिला धडा जिथे गिरवला गेला असं मानतात, त्याच गावात मराठीतलं सगळ्यात अवाढव्य लेखन होणार होतं.

रोज ढब्बू पैशाची शाई

दासोपंत लिहायला बसले आणि मग थांबलेच नाहीत.

त्यांचा सगळ्यात मोठा ग्रंथ गीतार्णव. भगवद्गीतेवरची मराठी टीका. गीतेचे श्लोक ७००. त्यावर ज्ञानेश्वरांनी साधारण ९,००० ओव्या लिहिल्या आणि ज्ञानेश्वरी झाली. दासोपंतांच्या गीतार्णवाची परंपरेने सांगितलेली ओवीसंख्या आहे सव्वा लाख. म्हणजे जवळपास १४ ज्ञानेश्वऱ्या एकावर एक ठेवल्या तर जेवढी थप्पी होईल, तेवढी. संपूर्ण महाभारताचे श्लोक एक लाख धरले जातात, हा एकटा माणूस त्याच्याही पुढे गेला.

जरा हिशोब करून बघा. कुणी सलग २० वर्षं, एकही दिवस खाडा न करता लिहिलं, तरी रोज १७ ओव्या पाडाव्या लागतील. आणि हा फक्त एक ग्रंथ. याशिवाय गीतेवरचाच दुसरा, आटोपशीर ग्रंथ गीतार्थबोधचंद्रिका. वेदान्तावरचा ग्रंथराज. गाण्यासाठी रचलेल्या पदांचा पदार्णव, त्यातल्या पदांचा आकडाही परंपरा सव्वा लाखच सांगते, त्यापैकी आज हाती आहेत ती थोडी. शिवाय संस्कृत रचना वेगळ्या. दत्ताचे सोळा अवतार मराठी माणसाला सविस्तर सांगितले तेही दासोपंतांनीच. स्वतःचं नाव लावताना ते बहुतेकदा दिगंबरानुचर म्हणवून घ्यायचे. दिगंबर म्हणजे दत्त, त्याच्या मागे चालणारा तो दिगंबरानुचर. योगायोग असा की वडिलांचं नावही दिगंबरच.

अंबाजोगाईत सांगतात की दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. ढब्बू पैसा म्हणजे दोन पैशांचं जाडजूड नाणं. आजच्या भाषेत सांगायचं तर एखाद्या लेखकाला त्याच्या पुस्तकांवरून नाही, महिन्याला किती काडतुसं संपतात यावरून ओळखावं, तसा हा प्रकार. शाई तेव्हा विकतच्या बाटलीत मिळत नव्हती. दिव्याचं काजळ धरायचं, त्यात डिंक घालायचा, पाणी घालून तासन्‌तास घोटायची, मग ती बोरूला धरायची. लिहिणाऱ्याच्या मागे घरातल्या कुणाचे तरी हात रोज काळे होत असणार, हे या आख्यायिकेत न सांगता येतं.

आणि मग आली पासोडी

पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं सुती कापड. थंडीत शेतकरी गुंडाळून बसतो ते. दासोपंतांनी ग्रंथ लिहिला तो अशा कापडावर. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी सुमारे ४ फूट. त्यावरच्या ओव्या १,६०० च्या आसपास सांगितल्या जातात.

विषय होता पंचीकरण. शब्द अवघड आहे, कल्पना सोपी आहे. वेदान्त म्हणतो की जग पाच भूतांचं बनलंय, आकाश, वायू, तेज, पाणी आणि पृथ्वी. पण आपल्याला जे दिसतं त्यात यातलं एकही शुद्ध रूपात नसतं. प्रत्येक भूताचा अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. म्हणजे आपण ज्याला माती म्हणतो त्यात अर्धी पृथ्वी, आणि बाकी पाणी, तेज, वायू, आकाश प्रत्येकी दोन आणे. पाच भूतं, प्रत्येकात पाचांचे अंश, झाली पंचवीस तत्त्वं. याच पंचवीस तत्त्वांचा माणसाचा देह, आणि देहाची ही जुळणी समजली की मी म्हणजे देह नाही हे समजतं, असा हा सगळा विचार.

आता हा विषय तोंडी सांगायला गेलात तर पाचव्या मिनिटाला ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. कशात काय किती मिसळलं, हे डोळ्यांसमोर मांडलेलं असलं तर पटकन कळतं. शाळेत पाढ्यांचा तक्ता भिंतीवर लावतात तो काही उगाच नाही. पोथीचं पान एका वेळी एकालाच वाचता येतं आणि पान उलटलं की आधीचं नजरेआड होतं. अंथरलेल्या कापडावर मात्र पहिली ओवी आणि शेवटची ओवी एकाच वेळी समोर असते, आणि भोवती दहा माणसं बसू शकतात. गुंडाळलं की एक माणूस काखेत मारून घेऊन जाऊ शकतो. कागदाची घडी पडली की तो चिरतो, जाड कापड चिरत नाही.

पण कापडावर लिहिणं हे कागदावर लिहिण्यापेक्षा कितीतरी कठीण. कोऱ्या कापडावर शाई टेकवली की ती धाग्याधाग्याने पसरते, अक्षर फुटतं. म्हणून जुन्या काळी लिहायच्या कापडाला आधी खळ लावायचे, वाळवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. तेव्हा कुठे बोरू त्यावरून सरकायचा. त्यात चुकलं तर खोडता येत नाही. पोथीत चुकलं तर एक पान बदलता येतं, कापडावर ३५ व्या फुटाला चूक झाली तर काय करणार?

बॅनरचं अक्षर आणि पोथीचं अक्षर

पासोडीवर अक्षर केवढं बसेल? याचा अंदाज साध्या गणिताने येतो. ४० गुणिले ४ म्हणजे १६० चौरस फूट. त्यात १,६०० ओव्या, म्हणजे एका चौरस फुटात १० ओव्या. एका ओवीत ४०-४५ अक्षरं धरली तर फूटभर चौकोनात सव्वाचारशे अक्षरं. ओळींमधली जागा धरून प्रत्येक अक्षराच्या वाट्याला साधारण अर्धा इंच लांबी-रुंदी येते. पोथीपेक्षा मोठं, फ्लेक्सपेक्षा लहान. चौकातून वाचण्यासाठी नाही, पण कापडाभोवती बसलेल्या माणसांनी वाचण्यासाठी अगदी बेताचं.

अक्षरांचं काम करणाऱ्या लोकांनी आज याला दोन वेगळी नावं दिली आहेत. एक मजकुराचं अक्षर, दुसरं मथळ्याचं अक्षर. मथळ्याच्या अक्षराने लांबून हाक मारायची असते. म्हणून ते जाड असतं, रेघेची जाडी सगळीकडे सारखी असते, टोकं गोल असतात आणि स्वभाव खेळकर असतो. मुंबईच्या एक टाइप या गटाने तयार केलेला बालू हा फॉन्ट याचं सगळ्यांना माहिती असलेलं उदाहरण. जंगल बुकमधल्या अस्वलाचं नाव, आणि दिसायलाही तसाच गुबगुबीत. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांमध्ये तो फुकट मिळतो, त्यामुळे लग्नपत्रिकेपासून इन्स्टाच्या पोस्टपर्यंत तो कुठेही भेटतो.

देवनागरीत असं अक्षर बनवणं सोपं नाही. रेघ जाड केली की घ, भ, ख, क्ष यांच्या पोटातली पांढरी जागा बुजत जाते. ती बुजली की लांबून सगळे काळे गोळे दिसतात. म्हणून जाड अक्षराला रुंदही व्हावं लागतं. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, यांना जागा ठेवायची ती वेगळीच. आणि एवढं करून ते चालतं चार शब्दांपुरतंच. गुबगुबीत अक्षरात पानभर मजकूर लावून बघा, तिसऱ्या ओळीला डोळे दमतात.

बोरूचं अक्षर याच्या उलट. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं, त्यामुळे एका दिशेला रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. जाड-बारीकच्या या लयीमुळे डोळा ओळीवरून न अडखळता पुढे जातो. हजारो ओव्या वाचायच्या तर हीच चाल लागते. दासोपंतांच्या हातात हाच बोरू होता. त्यांनी मजकुराचं अक्षर घेतलं आणि ते मथळ्याच्या जागी, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा मोठ्या कापडावर नेऊन बसवलं. पासोडीचं वेगळेपण इथे आहे. तिच्यावर नाव चमकवायचं नव्हतं, आख्खा विषय समजावून सांगायचा होता.

पैठणचा शेजारी

दासोपंत अंबाजोगाईत लिहीत होते तेव्हा गोदावरीकाठी पैठणला आणखी एक माणूस लिहीत होता, संत एकनाथ. नाथ १५३३ चे, म्हणजे दासोपंतांपेक्षा १८ वर्षांनी मोठे. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, भागवत लिहिलं, भारुडं लिहिली. नाथांच्या गुरुपरंपरेतही दत्तच.

दोघांची भेट झाली होती, असं दोन्हीकडच्या परंपरा सांगतात. दासोपंत पैठणला गेले तेव्हा नाथांच्या दारात साक्षात दत्तात्रेय चोपदार होऊन उभे असलेले त्यांना दिसले, अशी कथा आहे. ज्या देवाला शोधायला आपण घर सोडून डोंगरात गेलो, तो एका संसारी माणसाच्या दारात पहारा देतोय. गोष्ट सांगणाऱ्याने नाथांचा मोठेपणा सांगितला आहेच, पण ती दासोपंतांच्या घराण्यातही जपली गेली यात दासोपंतांचाही मोठेपणा दिसतो.

पण दोघांच्या लेखनाचं पुढे काय झालं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाथांची भारुडं आजही गावागावात होतात. दासोपंतांचा गीतार्णव मात्र पोथ्यांच्या कपाटात राहिला.

जास्त लिहिण्याची किंमत

कारण अगदी व्यवहारी आहे. छापखाना नव्हता. ग्रंथ पसरायचा तर कुणीतरी बसून त्याची नक्कल करायला हवी. एखाद्या लेखनिकाने रोज १०० ओव्यांची नक्कल केली तर ज्ञानेश्वरी तीन महिन्यांत हातात येते. गीतार्णवाला लागतात १,२५० दिवस, म्हणजे जवळपास साडेतीन वर्षं. साडेतीन वर्षं लेखनिक पोसायचा, कागद पुरवायचा आणि शाई घोटत राहायची, हे कुठल्या वारकऱ्याला किंवा मठाला परवडणार?

म्हणून ज्ञानेश्वरीच्या प्रती महाराष्ट्रभर गेल्या आणि गीतार्णव घराण्याबाहेर फारसा पडला नाही. आज तो संपूर्ण मिळतही नाही, काही अध्याय तेवढे हाती आहेत. ज्या माणसाने सगळ्यात जास्त लिहिलं, त्याचं सगळ्यात जास्त हरवलं.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला, म्हणजे इंग्रजी हिशोबाने १६१६ च्या सुरुवातीला, दासोपंतांनी अंबाजोगाईत देह ठेवला. वय साधारण ६४. त्यांची समाधी अंबाजोगाईत आहे आणि माघ वद्य षष्ठीला आजही तिथे उत्सव होतो.

त्यानंतर जवळपास तीन शतकं बाहेरच्या मराठी जगाला दासोपंत फारसे माहिती नव्हते. एक तर लेखन अवाढव्य, त्यात अंबाजोगाई निजामाच्या राज्यात आणि मराठी छापखाने पुण्या-मुंबईत. अंबाजोगाईचं सरकारी नावसुद्धा तेव्हा मोमिनाबाद होतं. जुन्या पोथ्यांच्या शोधात गावोगाव हिंडणाऱ्या वि. का. राजवाड्यांच्या आणि वि. ल. भाव्यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लेखनाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. भाव्यांच्या महाराष्ट्र सारस्वतात दासोपंतांना जागा मिळाली. पुढे न. शे. पोहनेरकरांसारख्या मराठवाड्याच्या अभ्यासकांनी हे काम उचललं.

या सगळ्या काळात पासोडी कुठे होती? अंबाजोगाईतच. दासोपंतांच्या वंशजांनी ती पिढ्यान्‌पिढ्या देवघरात जपली. दुष्काळ आले, राजवटी बदलल्या, निजाम गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, कापड टिकून राहिलं. जीर्ण झालं, जागोजागी अक्षरं पुसट झाली, पण टिकलं.

सव्वा लाख ओव्यांची पोथी पूर्ण उरली नाही आणि अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड उरलं. पोथी वाचायला कुणीतरी हवा असतो, त्याची नक्कल करायला आणखी कुणीतरी. कापड मात्र ज्याला वाचता येत नाही त्यालाही दिसतं. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरातल्या माणसाने हाताने लिहिलंय हे त्याला कळतं, आणि मग तो ते उंदरांच्या, वाळवीच्या तोंडी जाऊ देत नाही. मोठ्या अक्षराचं काम हेच तर असतं, लक्ष वेधून घ्यायचं. पासोडीने ते काम ४०० वर्षं केलं.

आपल्या चौकातला फ्लेक्स साधारण आठ दिवस टिकतो. मग वारा फाडतो, नाहीतर पुढच्या वाढदिवसाचा त्यावर चढतो. उतरवलेला फ्लेक्स कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर, गोठ्यावर जातो आणि गोलगुबगुबीत अक्षरं पावसात भिजत राहतात. त्यात वाईट काही नाही, ते अक्षर तेवढ्यासाठीच असतं. पण पुढच्या वेळी योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला गेलात, तर मुकुंदराजांच्या समाधीसोबत दासोपंतांच्या समाधीवरही जाऊन या. मराठीत सगळ्यात जास्त शाई संपवलेला माणूस तिथे आहे.